फोटोची शंका: मीटर चेहऱ्यावर धरलं तरी चेहरा चुकतो तो का?

लगनसराई तोंडावर आली की वाचकांच्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी कोणती बॉडी घेऊ, किट लेन्स विकू का, असलं चालू असतं, आणि आता एकदम सगळ्यांना स्पॉट मीटरिंगचं, म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या गोलातलाच उजेड मोजण्याचं पडलंय. म्हणून या वेळी सगळी पानं त्यालाच देतोय, ड्रोनवाल्यांनी थोडी कळ काढा.

प्रश्न (शहादा): सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारात एका आबांचा फोटो काढला. भर दुपार, डोक्याला पांढरं पागोटं, चेहरा उन्हानं रापून एकदम काळा. आधी मॅट्रिक्सवर (सगळ्या फ्रेमचा उजेड मोजतं ते) काढला तर चेहरा अंधारात गेला. मग यूट्यूबवर सांगतात तसं स्पॉट केलं, बरोबर चेहऱ्यावर धरलं, मीटरचा काटा शून्यावर आणला, तर चेहरा राखेसारखा फिकट आणि पागोट्याची एक घडी दिसेना, सगळं पांढरंफटक. आबांना स्क्रीनवर दाखवला तर म्हणे, "हाऊ कोन शे रे भो?" चुकलं कुठं?

उत्तर: आबांनी एका वाक्यात सगळं परीक्षण करून टाकलं, मी आणखी काय सांगू. पण सांगतो.

मीटरला चेहरा कळत नाही. त्या गोलातून उजेड किती येतोय एवढंच त्याला कळतं, आणि जे काही समोर असेल त्याचा मधला राखाडी करून द्यायचा, ज्याला आपण १८ टक्के ग्रे म्हणतो, एवढंच त्याचं काम. चुन्यानं रंगवलेली भिंत दाखवा, काटा शून्यावर आणा, भिंत राखाडी येईल. म्हैस दाखवा, म्हैसही राखाडी येईल. तुम्ही आबांचा काळा चेहरा दाखवला आणि काटा शून्यावर आणला, म्हणजे तुम्हीच कॅमेऱ्याला सांगितलं की हा माणूस मध्यम रंगाचा आहे. त्यानं ऐकलं. आता पागोटं का फाटलं, म्हणजे पांढरं पडून त्यातलं सगळं का गेलं, ते बघा. पांढरं कापड त्याच उन्हात मधल्या राखाडीपेक्षा साधारण दोन स्टॉप वर असतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आबांचा चेहरा असायला हवा होता एक स्टॉप खाली, तो तुम्ही ओढून शून्यावर आणला, म्हणजे पागोटंही एक स्टॉप वर ढकललं, दोनाचं तीन झालं, आणि जेपेगमध्ये तीन स्टॉप वर काही शिल्लक राहत नाही, ना घड्या ना सुरकुत्या.

म्हणजे स्पॉट निवडणं चुकलं नाही, काटा शून्यावर आणला ते चुकलं. स्पॉटचं रीडिंग घ्यायचं आणि मग आपण ठरवायचं की हा चेहरा शून्याच्या वर बसतो का खाली. आपल्याकडच्या चेहऱ्यांना मी साधारण असं धरतो: गहूवर्णी असेल तर शून्य किंवा अधिक एक तृतीयांश स्टॉप, गोरा असेल तर अधिक दोन तृतीयांश ते एक, सावळा असेल तर उणे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश, आणि तुमच्या आबांसारखा रानात आयुष्य गेलेला चेहरा असेल तर उणे एक, कधी उणे एक आणि वर एक तृतीयांश. ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण सुरुवात इथून करा.

आता हे मुद्दाम सांगतोय कारण गोंधळ नेमका इथंच होतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या दोघा अमेरिकी फोटोग्राफरांनी १९४० च्या आसपास झोन सिस्टिम मांडली, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेका स्टॉपच्या पायऱ्या, त्यात पाचवा झोन म्हणजे मधला राखाडी आणि उन्हातला गोरा चेहरा सहाव्या झोनमध्ये, म्हणजे एक स्टॉप वर. ते अमेरिकेतल्या गोऱ्या माणसांबद्दल बोलत होते आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरच होतं. पण तिथून ते पुस्तकात गेलं, पुस्तकातून यूट्यूबवर आलं, आणि आता आपली पोरं "स्किनला प्लस वन" पाठ करून तळोद्या-धडगावकडच्या माणसांवर प्लस वन लावतात आणि चेहरा वितळल्यासारखा आला की लेन्सला नावं ठेवतात.

अजून एक, गोल चेहऱ्यावर नेमका कुठं ठेवायचा. नाकाच्या शेंड्यावर नको, कपाळाच्या चकाकीवर तर अजिबात नको. आपल्याकडे मार्चनंतर माणूस दहा मिनिटं उभा राहिला की कपाळ घामानं चमकायला लागतं, ती चमक म्हणजे कातडीचा उजेड नाही, ते सूर्याचं प्रतिबिंब आहे, मीटर त्यालाच चेहरा समजून सगळा फोटो अंडर, म्हणजे काळपट करून टाकतं. रुमाल द्या, पुसायला सांगा, आणि उजेडाकडच्या गालाचं रीडिंग घ्या. पागोट्याची सावली पडलेला भाग टाळा. आणि जमलंच तर दुपारी बाराला पोर्ट्रेट काढूच नका, आबांना चार पावलं लिंबाच्या सावलीत घ्या, तिथं चेहरा आणि पागोटं दोन्ही सुखानं बसतात. फक्त मागं ऊन आणि धूळ असेल तर सावलीत आणि उन्हात चारेक स्टॉपचा फरक पडतो, मागचं पांढरं जाणारच, तेव्हा मागं घोडा, तंबू, झाडाचा बुंधा असं काहीतरी सावलीतलंच येईल असं उभे राहा.

प्रश्न (धुळे): माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, मित्राकडे कॅननची फुलफ्रेम बॉडी. दोघंही स्पॉटवर शूट करतो. एकाच जागी एकाच उजेडात दहा फोटो काढले तर दहा फोटोंचं एक्सपोजर दहा तऱ्हेचं. अल्बमवाला वैतागतो. मॅट्रिक्सवर असं होत नव्हतं.

उत्तर: होणारच. तुमच्या बॉडीत स्पॉटचा गोल फ्रेमच्या अडीच टक्के आहे, तेवढ्यात जे येईल त्यावर सगळा हिशोब. तुम्ही अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर असणार, अ‍ॅपर्चर तुमचं आणि शटर कॅमेऱ्याचं, म्हणजे प्रत्येक क्लिकला कॅमेरा नव्यानं मोजतो, आणि गोल दोन बोटं सरकला की शटर बदलतं.

पण तुम्हा दोघांची दुखणी वेगळी आहेत. निकॉनमध्ये स्पॉट तुमच्या फोकस पॉइंटच्या मागं मागं फिरतो. पोर्ट्रेट म्हणून तुम्ही फोकस डोळ्यावर ठेवता, आणि डोळ्यावर काय असतं, भुवई, पापणी, काजळ, काळं बुबुळ. कॅमेरा ते काळं मोजतो आणि चेहरा ओव्हर, म्हणजे नको तेवढा उजळ करतो. पुढच्या फोटोत पॉइंट जरा गालावर सरकला की परत खाली. मित्राच्या कॅननमध्ये उलट आहे, कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये स्पॉटचा गोल मधोमध रुतून बसलेला असतो, फोकस पॉइंट कुठंही न्या. तो वरचा पॉइंट निवडून चेहऱ्यावर फोकस करतो आणि मीटर बसतं शालूवर नाहीतर शेरवानीवर. त्यात कॅननवाल्यांचा एक जुना समज आहे की हाफ प्रेस केलं की एक्सपोजर लॉक होतं. ते इव्हॅल्युएटिव्हवर (कॅननचं मॅट्रिक्स) वन शॉट फोकसला, म्हणजे फोकस एकदाच पकडून थांबतो तेव्हा होतं, स्पॉटवर आणि पार्शलवर (स्पॉटपेक्षा मोठा गोल) होत नाही, तिथं चांदणीचं बटण दाबावं लागतं. तुमच्या निकॉनला एई-एल एएफ-एलचं बटण धरून ठेवायचं, फक्त ते फोकसही सोबत लॉक करतं, मेनूत जाऊन नुसत्या एई (एक्सपोजर) लॉकवर करून घ्या.

खरं सांगू का, उजेड एकाच जागी आणि माणूस एकाच जागी असेल तर लॉकची भानगडच नको. मॅन्युअल करा, गालावर गोल ठेवा, काटा जिथं हवा तिथं आणा, आणि मग मीटरकडे बघायचंच नाही. ते पुढं कितीही नाचू दे. दहाच्या दहा फोटो सारखे येतील. ऊन ढगाआड गेलं किंवा माणूस हलवला की परत एकदा मोजा. अल्बमवाल्याचं डोकं शांत. आणि मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ चालू राहिला असेल तर तो बंद करा, नाहीतर तुम्ही मॅन्युअल समजता आणि कॅमेरा मागून आयएसओ फिरवत बसतो.

प्रश्न (रावेर): केळीच्या बागेत प्री-वेडिंग होतं. नवरी गोरी, नवरदेव सावळा. नवरीवर मीटर धरलं तर नवरदेव काळा पडतो, नवरदेवावर धरलं तर नवरीचा चेहरा उडतो. दोघांचं रीडिंग घेऊन मधलं धरू का?

उत्तर: मधलं धरायची गरजच नाही. दोघं एकाच उजेडात उभे असतील तर दोघांसाठी बरोबर एक्सपोजर एकच असतं, ते माणसाच्या रंगानं बदलत नाही.

हे पटत नसेल तर आकडे बघा. समजा एफ ४ वर नवरीच्या गालाचं स्पॉट रीडिंग शून्यावर आलं १/५०० ला. ती गोरी आहे म्हणून तिला अधिक एक द्यायचं, शटर झालं १/२५०. नवरदेवाच्या गालाचं रीडिंग शून्यावर आलं १/२०० ला. तो सावळा आहे म्हणून उणे एक तृतीयांश, शटर झालं १/२५०. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी आलो. आणि नाही आलो, समजा एक १/२५० आणि दुसरं १/१६० निघालं, तर एकतर कोणाच्या तरी रंगाचा अंदाज चुकलाय किंवा दोघांवर उजेड सारखा पडत नाहीये. केळीच्या बागेत बहुतेक वेळा दुसरं असतं, पानांमधून एकाच्या गालावर कवडसा पडलेला असतो आणि आपलं लक्ष नवरीच्या ओढणीकडे. कवडसा असेल तर मीटरिंगनं काही होणार नाही, दोघांना हलवा नाहीतर वर पांढरं कापड धरायला पोरगं उभं करा. पानांचा हिरवा रंग चेहऱ्यावर येतो तोही मीटरिंगनं जात नाही, तो व्हाइट बॅलन्सचा विषय, आणि थोडा जागा बदलण्याचा.

न लिहिलेला प्रश्नही वाचता येतो मला. नवरदेवाची आत्या म्हणाली असणार, आमच्या पोराला जरा उजळ करा. करू नका. अर्धा स्टॉप उजळ केलात तर नवरीच्या कपाळावरची टिकलीच्या आजूबाजूची कातडी जाते, हातावरची मेंदी फिकी पडते, आणि मुलगा तरी कुठं त्याच्यासारखा दिसतो. त्याच्या बाजूला एक रिफ्लेक्टर लावा, चेहऱ्याला घडण येते, आत्याही खूश होते आणि रंगही तोच राहतो.

प्रश्न (जळगाव): माझ्या कॅनन १५००डी मध्ये स्पॉट सापडतच नाही. मेनू उलटापालटा केला.

उत्तर: नाहीच आहे त्यात, शोधणं बंद करा. इव्हॅल्युएटिव्ह, पार्शल आणि सेंटर-वेटेड एवढे तीनच. पार्शल म्हणजे मधला साधारण १० टक्के भाग, पोर्ट्रेटला तेवढं पुष्कळ झालं. चेहरा त्या भागात पूर्ण मावेल इतकं जवळ जा किंवा झूम करा, केस आणि आकाश आत येऊ देऊ नका, रीडिंग घ्या, मॅन्युअलला सेट करा, मागं या आणि फ्रेम लावा. झूम केल्यावर किट लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलतं ते लक्षात असू द्या, म्हणून आधीच एफ ५.६ वर ठेवा म्हणजे दोन्हीकडे तेच राहील.

आणि एक फुकटचा उपाय, ज्यासाठी कोणताही कॅमेरा चालतो. स्वतःचा तळहात. माणूस कितीही काळा-गोरा असो, तळहातांच्या रंगात फार फरक नसतो, आणि तो मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप वर असतो. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या शेजारी जा, त्याच्या चेहऱ्यावर ज्या बाजूनं उजेड पडतोय त्याच बाजूला तळहात करा, त्यानं फ्रेम भरा, काटा अधिक एकवर आणा. झालं. आता समोर आबा येवोत की नवरी, तेच एक्सपोजर. वरच्या रावेरच्या भाऊंनाही हे लागू आहे. आपला तळहात नेमका किती वर आहे ते एकदा १८ टक्केच्या ग्रे कार्डाशी ताडून घ्या, एकदाच, मग आयुष्यभर कार्ड खिशात नको.

प्रश्न (भुसावळ): स्टुडिओत दोन सॉफ्टबॉक्स लावून स्पॉटनं मोजतो, तरी मेळ बसत नाही.

उत्तर: कॅमेऱ्याचं स्पॉट मीटर फ्लॅश मोजत नाही, ते मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे सॉफ्टबॉक्समधला सतत जळणारा दिवा मोजतंय. ट्रिगरवरच्या मॅन्युअल फ्लॅशला हातातलं फ्लॅश मीटर तरी घ्या नाहीतर टेस्ट फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर हॉट शूत बसणाऱ्या टीटीएल (लेन्समधून मोजणाऱ्या) फ्लॅशची गोष्ट वेगळी, कॅननमध्ये एफई लॉक केलं की फ्लॅश एकदा उडून मधल्या गोलातलं मोजून घेतो, निकॉनमध्ये एफव्ही लॉक. निकॉनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा की स्पॉट निवडलं की फ्लॅशचं बॅलन्स्ड फिल आपोआप बंद पडून साधं टीटीएल राहतं, मग मागच्या उजेडाशी जुळवणं तुमच्यावर.

प्रश्न (अमळनेर): हळदीच्या कार्यक्रमात चेहऱ्यावर स्पॉट धरलं तरी सगळं पिवळं भगभगीत येतं, गाल सपाट दिसतात.

उत्तर: हळद लागली की तो चेहरा पहिल्या रंगाचा राहत नाही, तुमचा आधीचा अंदाज कामाला येत नाही. हळद लागायच्या आधीच रीडिंग घेऊन मॅन्युअलला ठेवा, किंवा आपल्याच तळहाताचं घ्या, तो कोरडा आहे तोवर, कारण मावशा फोटोग्राफरलाही सोडत नाहीत. मग अर्धा-एक तृतीयांश स्टॉप खाली या. भगभगीत दिसतं त्याचं कारण असं की पिवळ्या चेहऱ्यावर लाल चॅनल सगळ्यात आधी फाटतं, आणि कॅमेऱ्याचा साधा पांढरा हिस्टोग्राम ते दाखवतच नाही, तो म्हणतो सगळं ठीक आहे. आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजव्या भिंतीला चिकटतंय का ते बघा. रॉमध्ये काढा हे सांगायला नको. नंतर उचलू म्हणून फार खालीही जाऊ नका, सावल्या उचलल्या की कातडीत दाणे येतात, आणि एकदा फाटलेला गाल तर कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही.

प्रश्न (अक्कलकुवा): काठी गावच्या होळीला रात्री फोटो काढायचे आहेत. जाळ एवढा मोठा असतो की चेहरे काळेच येतात. स्पॉट वापरू का?

उत्तर: वापरा, पण जाळाकडे ढुंकूनही बघू नका. जाळ फाटणार आहे, फाटू द्या, जाळात कोणी घड्या शोधत नाही. नाचणाऱ्याच्या उजेडाकडच्या गालावर गोल ठेवून चार-पाच रीडिंग घ्या, कारण ज्वाळा हलते तसं रीडिंग वरखाली होतं, त्यातलं मधलं धरा आणि मॅन्युअलला बसवून टाका. दिवसा सावळ्या चेहऱ्याला उणे एक तृतीयांश दिलं असतं, इथं उणे एकपर्यंत जा, रात्र रात्रीसारखी दिसली पाहिजे, नाहीतर हॅलोजन लावल्यासारखा फोटो येतो. अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर गोल पडला तर रीडिंग फसतं, डोक्यावरच्या मोरपिसांच्या टोपावर पडला तरी फसतं. जाळापासून माणूस लांब गेला की उजेड झपाट्यानं उतरतो, म्हणून एक अंतर ठरवा आणि माणूस त्या अंतरात आला की क्लिक करा. आयएसओ ३२०० ला घाबरू नका, ५० एमएमचा एफ १.८ असेल तर तोच न्या. फ्लॅश घरी ठेवा. त्यांच्यातले बरेच जण नवस फेडायला नाचतात, त्यांच्या तोंडावर फ्लॅश उडवणं बरं नाही, आणि फोटोही त्यानं मरतो.

मोबाईलवाल्यांचे बरेच प्रश्न आलेत, सगळ्यांना एकच उत्तर: चेहऱ्यावर बोट टेकवा आणि दाबून धरा, लॉक होतं, मग सूर्याची खूण खाली ओढा. मोबाईल चेहरा ओळखून उजळ करायला टपलेलाच असतो, त्याला थोडं दाबावंच लागतं.

प्रश्न (चाळीसगाव): वडिलांच्या ट्रंकेत पेंटॅक्स स्पॉटमॅटिक सापडला, मीटरचा काटा हलतोय. यात तर नावातच स्पॉट आहे. पोर्ट्रेटसाठी रोल घालू का?

उत्तर: घाला की, विचारता काय. पण नावावर जाऊ नका. १९६४ ला हा कॅमेरा बाजारात आला तेव्हा आधी दाखवलेल्या नमुन्यात खरंच स्पॉट मीटर होतं, विकायला काढताना त्यांनी आत सगळ्या फ्रेमची सरासरी घेणारं मीटर टाकलं आणि नाव तेवढं राहून गेलं. स्पॉट नीट कोणी केलं असेल तर ऑलिंपसनं, १९८३ च्या ओएम-४ मध्ये आठ ठिकाणचं स्पॉट रीडिंग घेऊन सरासरी काढता यायची, आणि हायलाइट, शॅडो अशी वेगळी बटणं होती, पांढऱ्यावर गोल धरून हायलाइट दाबलं की तो स्वतःच पांढरं वर नेऊन ठेवायचा. आजच्या लाखाच्या बॉड्यांमध्येही ही सोय सरसकट मिळत नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तुमच्या पेंटॅक्सवर मग काय करायचं, तर वर जळगावला सांगितलं तेच. चेहऱ्याच्या इतकं जवळ जा की फ्रेममध्ये फक्त कातडी उरेल, कडेचा मीटरचा स्विच वर ढकला, काटा मध्ये आणा, चेहऱ्याच्या रंगाप्रमाणे वरखाली करा आणि मागं या. रोल कलर निगेटिव्ह असेल तर उणे द्यायला हात आखडता घ्या, निगेटिव्हला अंडर सोसत नाही, ओव्हर बऱ्यापैकी सोसतं, म्हणून २०० चा रोल असला तरी डायल १०० वर ठेवा. काटा हलतोय म्हणजे बरोबर दाखवतोय असं नाही, आधी घरच्या डिजिटल कॅमेऱ्याशी एका साध्या भिंतीवर ताडून घ्या, फरक एकसारखा असेल तर तेवढा कायमचा धरून चाला.

आणि चाळीसगावात राहता तर स्टेशनजवळचं फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघून या, बघितलं असेल तर परत जा. १९८९ साली ते गेले. आयुष्याचा बराच काळ त्यांनी त्या घराबाहेर न पडता काढला आणि आत बसून टेबलावरच्या वस्तूंचे, माणसांचे फोटो केले. एखाद्या पोर्ट्रेटसमोर उभं राहून उजेडाकडचा गाल आणि सावलीतला गाल यांच्यात किती स्टॉपचा फरक असेल याचा अंदाज बांधा, तुमच्या त्या काट्यापेक्षा डोळा लवकर तयार होईल. रोल घातला की प्रत्येक फ्रेमचं रीडिंग वहीत लिहा, धुऊन येईपर्यंत महिना जातो आणि कोणत्या फ्रेमला काय दिलं होतं ते कोणालाच आठवत नाही.